गटचर्चा : पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष कसोटी

संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेचा लेखी भाग उत्तीर्ण होऊन मी निवड मंडळासमोर गेले, तेव्हा माझ्या बॅगेत वक्तृत्व स्पर्धांची सात प्रशस्तिपत्रे होती. पहिल्या दिवशी दुपारी गटचर्चा झाली आणि संध्याकाळच्या गाडीने मी परत निघाले. चाळणीतून खाली राहिलेल्यांत माझा क्रमांक होता. नारायणगावच्या स्टँडवर उतरेपर्यंत मी मनातल्या मनात गटातील इतर उमेदवारांनाच दोष देत होते. चूक कोणाची होती हे उमगावयास पुढचे सहा महिने लागले. त्या काळात जे वाचले, थोरामोठ्यांना विचारले आणि करून पाहिले, ते माझ्या बंधुभगिनींसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या दुपारविषयी. आम्हांला एक पुसट चित्र अर्धा मिनिट दाखविण्यात आले. त्यावरून प्रत्येकाने चार मिनिटांत एक गोष्ट लिहावयाची, ती सुमारे एका मिनिटात गटाला सांगावयाची आणि शेवटी सर्वांनी मिळून एकच गोष्ट ठरवावयाची, असा तो प्रकार. माझी गोष्ट चांगली होती, असे मला आजही वाटते. ती मी तीन वेळा, दर वेळी अधिक मोठ्या आवाजात सांगितली. शेजारच्या मुलीने चित्रातील म्हातारा आजारी असावा, असे सुचविले. तिचे वाक्य मी मध्येच तोडले. वेळ संपली तेव्हा गटाची गोष्ट ठरलेलीच नव्हती. नापसंतीचे कारण मंडळ सांगत नाही, आणि त्या दिवशी बुद्धिमापनाची कसोटीही होतीच. परंतु माझ्या गटाला माझा काही उपयोग झाला नाही, एवढे कळावयास निकालाची गरज नव्हती.

ही पद्धत कशी निघाली, हे पाहिले म्हणजे तिचे मर्म ध्यानात येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी मोठ्या संख्येने हवे होते. घराणे, शाळा आणि थोडीशी मुलाखत एवढ्यावर निवडलेले अनेक तरुण प्रशिक्षणात टिकेनात. म्हणून १९४२ साली एडिंबरो येथे नव्या धर्तीचे निवड मंडळ सुरू झाले. विल्फ्रेड बायन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने तेथे एक साधी युक्ती योजली. उमेदवारांच्या छोट्या गटाला एक काम द्यावयाचे, मात्र त्यांचा पुढारी नेमावयाचा नाही. परीक्षकाने बाजूला बसून फक्त पाहावयाचे. त्याच धर्तीवर १९४३ साली आपल्याकडे देहरादून येथे मंडळ स्थापन झाले आणि स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत चालू राहिली.

या युक्तीत एक पेच आहे. प्रत्येक उमेदवाराला स्वतःची निवड व्हावी असे वाटत असते. शेजारी बसलेला त्याचा प्रतिस्पर्धी असतो. पण आपले गुण दाखवावयाचे तर ते त्याच प्रतिस्पर्ध्याच्या मदतीने, गटाचे काम पुढे नेऊनच दाखवता येतात. स्वतःची ओढ आणि गटाचे काम या दोहोंच्या ताणात माणूस कसा वागतो, हेच परीक्षकाला पाहावयाचे असते. ज्याला फक्त जिंकावयाचे असते तो येथेच उघडा पडतो, जशी मी पडले.

आपल्या भागातील विद्यार्थ्यांच्या दोन सवयी येथे आड येतात. पहिली सवय सामन्याची. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फडातील सवाल-जवाब आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. समोरच्याला निरुत्तर केले की टाळी पडते, हे आपल्या अंगात मुरले आहे. महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धाही तेच शिकवितात. त्या कलेची थोरवी मोठीच, पण गटचर्चेत टाळी देणारे कोणी नसते. दुसरी सवय याच्या उलट, म्हणजे मौनाची. वडीलधारी माणसे बोलत असता लहानांनी, त्यातही मुलींनी, मध्ये बोलू नये, असे घरोघर शिकविले जाते. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातून घोडेगाव-जुन्नरला शिकावयास येणारी मुले-मुली वर्गात वर्षभर तोंड उघडत नाहीत. त्यांना काही येत नाही, असे मुळीच नसते. परंतु जे बोललेच गेले नाही, ते परीक्षकाच्या कानी कसे पडणार?

आता एक विषय घेऊन पाहू. 'जुन्नर-आंबेगावातील बिबट्यांचा प्रश्न कसा सोडवावा?' आठ जण बसले आहेत, वेळ वीस मिनिटे.

पहिला म्हणतो, "सगळे बिबटे पकडून लांब जंगलात सोडा." दुसरा ओरडतो, "मग जंगलात जागा कुठे आहे?" दोघांची जुंपते आणि पाच मिनिटे निघून जातात. ही झाली आपली नेहमीची चर्चा.

याच ठिकाणी तिसरा शांतपणे म्हणू शकतो, "दोघांच्या बोलण्यात मुद्दा आहे. पण बिबट्या आपल्याकडे राहतो का, हे आधी पाहू. ऊस वर्ष-सव्वा वर्ष उभा असतो. त्यात आडोसा मिळतो, पाणी मिळते, वस्तीवर कुत्री-शेळ्या मिळतात, पिलेही तेथेच होतात." चौथी भर घालते, "विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात, आपल्याच भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर माणसांवरील हल्ले वाढल्याचे दिसले होते. तेव्हा पकडून सोडणे हा एकच उपाय धरून चालणार नाही." पाचवा विचारतो, "रात्री पाणी भरावयास जाणाऱ्या शेतकऱ्याचे काय? शेतीची वीज दिवसा मिळाली तर?" एवढ्यात कोणीतरी गप्प बसलेल्या सहावीकडे वळून म्हणतो, "तुमच्या वस्तीवर काय करतात?" ती बंदिस्त गोठ्याविषयी सांगते. शेवटी एक जण गोळाबेरीज करतो : गोठे बंदिस्त, वीज दिवसा, हल्लेखोर ठरलेल्या जनावराला पकडून माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवणे, भरपाई वेळेवर, एका मुद्द्यावर मात्र आपले एकमत नाही.

पाहा, येथे कोणीही भाषण केले नाही. कोणी दिशा दिली, कोणी माहिती, कोणी प्रश्न. कोणी दुसऱ्याला बोलते केले, कोणी शेवट बांधला. ही सर्व पुढारीपणाचीच कामे आहेत. वीस मिनिटांत चार-पाच वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण मिनिट आणि दर वेळी काही नवे घेऊन बोलणे पुरे. सर्वांत आधी बोलणे चांगले, पण सांगावयास काही असेल तरच. मतभेद दाखवावा; मात्र तो मुद्द्याशी असावा आणि समोरच्याचे म्हणणे एका वाक्यात मान्य करून मग दाखवावा. ठाऊक नसलेला आकडा ठोकून देऊ नये; पुढच्याच प्रश्नात तो अंगाशी येतो.

पूर्वतयारी तीन प्रकारची. पहिली वाचनाची : रोज एक वर्तमानपत्र, आणि प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन मुद्दे वहीत टिपणे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याचे वाटप, टोमॅटोचे कोसळणारे भाव, हिरडा गोळा करणाऱ्यांना मिळणारा मोबदला, हे विषय आपल्या अंगणातले आहेत. देशाचे प्रश्नही याच जातीचे असतात. दुसरी भाषेची. चर्चा बहुधा इंग्रजीत चालते. त्यासाठी पल्लेदार इंग्रजी लागत नाही. लहान, सरळ वाक्ये लागतात. आधी मराठीत चर्चा करावी, मग तोच विषय इंग्रजीत घ्यावा, म्हणजे विचार आणि भाषा यांची एकाच वेळी ओढाताण होत नाही. तिसरी तयारी सरावाची, आणि ती एकट्याने होत नाही. आठ जणांनी गोल बसावे, दोघांनी मागे बसून टिपण करावे : कोण किती वेळा बोलले, कोणी कोणाचे वाक्य तोडले, कोणाला कोणी संधी दिली. आम्ही दर शनिवारी हे करू लागलो. पहिल्या टिपणात माझ्या नावापुढे 'तोडले' या सदरात नऊ रेघा होत्या. मला वाटते, आयुष्यातील सर्वांत उपयुक्त प्रशस्तिपत्र तेच.

आमच्या गटात डोंगरपट्ट्यातील एक मुलगी येते. पहिले तीन शनिवार ती एक शब्द बोलली नाही. चौथ्या शनिवारी विषय होता, 'धरण आणि विस्थापन'. डिंभे धरणामुळे आपल्या आजोबांचे घर कसे उठले, हे तिने चार वाक्यांत सांगितले आणि मग विचारले, "खाली पाणी मिळाले त्यांचा मुद्दा कोण मांडतो?" स्वतःचे दुःख सांगून दुसरी बाजू मागणारी ती मुलगी! त्या दिवशी परीक्षक नव्हता. असता तर त्याने काय लिहिले असते, याविषयी मला शंका नाही.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्याच जिल्ह्यात, खडकवासल्याला आहे. २०२२ पासून तेथे मुलीही दाखल होऊ लागल्या आणि मे २०२५ मध्ये १७ जणींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. ती आणि मी, आम्ही दोघी पदवीच्या वाटेने पुन्हा प्रयत्न करणार आहोत. निकाल काय लागेल तो लागो. यंदा मात्र मी शेजारणीचे वाक्य पुरे होऊ देणार आहे. शनिवारी दुपारी तीन वाजता ग्रंथालयामागच्या वर्गात आम्ही बसतो. गोलात अजून जागा आहे.