चित्राच्या पोटात चित्र
छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची दाट मांडणी. रेखाचित्र म्हणजे 'येथून तेथवर रेघ ओढावी' अशा आज्ञांची यादी. म्हणूनच रेखाचित्र कितीही मोठे केले तरी त्याची कड रेखीव राहते. २००१ साली प्रमाण ठरलेली एसव्हीजी फाइल अशा आज्ञा साध्या अक्षरांतच लिहिते. तीत छायाचित्र बसवावे कसे? त्याचा नुसता पत्ता लिहिला, तर फाइल परगावी धाडताच छायाचित्र मागे राहते आणि पाहणाऱ्यास रिकामी चौकट दिसते. छायाचित्राचे बाइट जसेच्या तसे अक्षरांच्या पंक्तीत बसत नाहीत. तेव्हा दर ३ बाइटांची ४ अक्षरे करून ती फाइलीतच गुंफतात. या रीतीस बेस-६४ म्हणतात. छायाचित्राचा भार एकतृतीयांशाने वाढतो खरा; पण चित्र हरवण्यापेक्षा तो परवडला! पीडीएफ फाइलीत मात्र मूळ बाइटही तसेच राहू शकतात.