संगणक प्रणालीची रचना : आपल्या शेताच्या उताऱ्यावरून



दहावीनंतर संगणकाकडे वळणाऱ्या आपल्या मुलांपैकी बहुतेकांची समजूत अशी असते की संगणक शिकणे म्हणजे प्रोग्राम लिहायला शिकणे. प्रोग्राम तर लिहावा लागतोच. परंतु बँक, रेल्वे, महसूल खाते यांसारख्या मोठ्या संस्थेची प्रणाली उभी करताना त्याआधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात. कोणती माहिती कोठे राहील? ती बदलण्याचा अधिकार कोणाला? एका खात्याची प्रणाली दुसऱ्या खात्याच्या प्रणालीला काय विचारू शकेल? हे ठरवण्याच्या शास्त्राला सॉफ्टवेअर आर्किटेक्चर म्हणतात. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे माझ्या तोंडी 'ढाँचा' हा शब्द येतो. मराठीत 'रचना' म्हणूया.

उदाहरणासाठी दूर जायला नको. शेती असलेल्या प्रत्येक घरात आर.टी.सी. म्हणजे पहाणीचा उतारा असतोच. कर्नाटकात हे उतारे संगणकावर आणण्याचा पहिला प्रयत्न १९९१ च्या सुमारास झाला आणि १९९६ पर्यंत सर्व जिल्ह्यांसाठी योजना मंजूर झाली. तरीही ती फसली. कारण पाहण्यासारखे आहे. वारसाची किंवा खरेदीची नोंद प्रत्यक्षात होत असे तालुक्याला आणि गावच्या तलाठ्याच्या दप्तरात, पण तालुक्याला संगणक देण्याची तरतूदच योजनेत नव्हती. माहिती एकदा भरली गेली, इकडे तलाठी वहीत नवीन नोंदी करीत राहिले आणि संगणकातला उतारा दिवसेंदिवस शिळा होत गेला. यंत्रात दोष नव्हता, रचनेत होता. माहिती जिथे बदलते तिथेच ती नोंदली गेली पाहिजे, हा रचनेचा पहिला नियम आहे.

त्यानंतर आली 'भूमी' योजना. महसूल अधिकारी राजीव चावला यांच्या पुढाकाराने आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ती २००० च्या आसपास सुरू झाली. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आले. १७७ तालुक्यांत केंद्रे उघडली आणि सुरुवातीस १५ रुपयांत उतारा मिळू लागला. यात माझ्या मते सर्वात धाडसी निर्णय संगणकाचा नव्हताच. ज्या तालुक्याचे काम पूर्ण झाले तिथे हाताने लिहिलेला उतारा अवैध ठरवण्यात आला, हा तो निर्णय. एका गोष्टीच्या दोन नोंदी चालू राहिल्या की भांडण आलेच. फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमाने घ्यायचे, मधला उचलून पुढे आणायचा नाही, हेही प्रणालीतच बसवले होते. अधिकाऱ्याने बोटाचा ठसा देऊनच आत शिरायचे, म्हणजे 'ही नोंद मी केली नाही' असे नंतर म्हणता येत नाही.

पुढचा प्रश्न खात्यांचा. खरेदीखत होते उपनिबंधकाकडे, ते नोंदणी खाते. जमिनीचा तुकडा पाडायचा तर नकाशा देते भूमापन खाते. उतारा महसूल खात्याचा. तिन्ही कामे एकाच अवाढव्य प्रणालीत कोंबता आली असती, पण तसे केले नाही. नोंदणीची 'कावेरी', मोजणीची 'मोजिनी' आणि उताऱ्याची 'भूमी' अशा तीन प्रणाली राहिल्या आणि त्या जोडण्यात आल्या. खरेदीखत नोंदले की त्याची सूचना कावेरीकडून भूमीला जाते आणि फेरफाराचे काम सुरू होते. कावेरी स्वतः उतारा बदलत नाही. डेव्हिड पारनास या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हेच मांडले होते : प्रत्येक भागाने आपले आतले कामकाज आपल्यापाशी ठेवावे आणि बाहेरच्यांना ठरलेल्या दारातूनच उत्तर द्यावे. त्यामुळे एका भागाची आतून दुरुस्ती केली तरी बाकीचे कोलमडत नाहीत. कावेरीची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली. अशा वेळी शेजारची प्रणाली पाडून पुन्हा बांधावी लागू नये, यासाठीच हा खटाटोप असतो. आपल्या घरातसुद्धा शेजारी दार वाजवूनच येतो, थेट चुलीपाशी जात नाही.

आता आपल्या भागाचा खरा जिव्हाळ्याचा मुद्दा, नावाचा. आपल्याकडे अनेक घरांत आजोबांच्या काळचे कागद मोडीत किंवा मराठीत, आजचा उतारा कन्नडमध्ये, आधार कार्डावर इंग्रजी. तोच माणूस एका कागदावर म्हादू, दुसऱ्यावर महादेव. कुठे परशराम, कुठे परशुराम. माणसाला हे सहज कळते, संगणकाला ही दोन माणसे वाटतात. म्हणून जाणकार रचनाकार नावाला ओळख मानत नाही, क्रमांकाला मानतो. भूमीत जमीन ओळखली जाते ती गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा यांवरून. शेतकऱ्यासाठी राज्याच्या 'फ्रूट्स' प्रणालीत वेगळा क्रमांक आहे. नाव हे त्या क्रमांकाला चिकटवलेले लेबल. ते तीन लिपींत असले तरी चालते, पण तिन्ही लेबले एकाच माणसाची आहेत हे एकदा कोणीतरी बसून ताडून पाहावे लागते. अनुदान अडते ते बहुधा तिथेच.

हे मी शाळेच्या पत्रकात का लिहितो आहे? कारण आपल्या मुलांचे नाव प्रथम कागदावर पक्के होते ते बऱ्याचदा आपल्याच जनरल रजिस्टरमध्ये. राज्याच्या एस.ए.टी.एस. प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव छापले जाते ते पुढे आयुष्यभर सोबत राहते आणि मग दुरुस्तीसाठी चकरा सुरू होतात.

विश्वस्त मंडळींपुढे शाळेसाठी सॉफ्टवेअर घेण्याचा विषय आहे. विक्रेते पडद्यावरचे रंग दाखवतील. आपण त्यांना तीनच गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. मुलाचे नाव मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही लिपींत एकाच क्रमांकाखाली ठेवता येईल का? फी व परीक्षा हे विभाग प्रवेशाची नोंद परत न लिहिता तिथूनच घेतील का? आणि उद्या आपण दुसऱ्या कंपनीकडे गेलो तर सर्व माहिती आपल्या हाती मिळेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे.

पालकांना विनंती आहे की मुलांचा जन्मदाखला व आधार कार्ड यांच्या प्रती वर्गशिक्षकांकडे द्याव्यात आणि तिन्ही लिपींतील नाव स्वतः वाचून पाहावे. आठवी-नववीत असतानाच हे झाले तर दुरुस्तीला पुरेसा अवधी राहतो.