मुक्काम कसा सांगावा

"वेळासला पाहण्यासारखं काय काय आहे?" असं नव्याने आलेल्या कुणी विचारलं की आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिका काकू आधी उलट विचारतात, "हाताशी दिवस किती आहेत?" एकच रात्र असेल तर त्या स्पष्ट सांगतात, यंदा वेळास नको. चार-पाच दिवस आहेत म्हटलं की मग सरसावून बसतात आणि पहिली गोष्ट सांगतात ती टोपल्यांची.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाहायला लोक कोकणातल्या वेळासला जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. पुढे त्या अंड्यांकडे ती फिरकत नाही. कार्यकर्ते ती अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात पुरतात आणि पिल्लं निघायचे दिवस जवळ आले की वर बांबूची टोपली पालथी घालतात. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात. टोपल्या सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास उचलल्या जातात. खाली पिल्लं असली तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात आणि ती आपली आपण समुद्राकडे चालत जातात. नसली तर टोपली पुन्हा पालथी.

आता एका रात्रीच्या पाहुण्याचा हिशेब करा. त्याच्या वाट्याला एक संध्याकाळ आणि एक सकाळ येते. दोन्ही वेळा टोपल्या रिकाम्या निघाल्या तर तो हिरमुसून निघतो आणि घरी जाऊन सांगतो की वेळासला काहीच नव्हतं. चार दिवस राहणाऱ्याकडे आठ वेळा असतात. शिवाय मधल्या वेळात तो बाणकोटचा किल्ला चढून येतो, नाना फडणवीसांच्या या गावातली त्यांची खूण शोधतो, ज्या घरी उतरलाय तिथे आंब्याच्या राखणीच्या गोष्टी ऐकतो. पिल्लं दिसली तर आनंद दुणावतो. नाही दिसली तरी मुक्काम फुकट जात नाही.

ठाण्यात आम्ही काही जण महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमतो ते अशाच गोष्टींसाठी. सावकाश प्रवास करणारी माणसं आम्ही. एका गावी जाऊन राहायचं, एसटीने, बोटीने, पायी आसपास फिरायचं आणि परत आल्यावर इतरांना सांगायचं. हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. ते एक काम आहे आणि त्याला शिस्त लागते. आमच्याकडे एका वेळी एकच जण बोलतो आणि एकाच मुक्कामाबद्दल बोलतो. फोटो शेवटी. आधी फोटो दाखवले की ऐकणारे "वा, वा" करतात आणि विचारायचे प्रश्न विसरून जातात.

प्रश्न विचारणं हा निम्मा भाग. काकूंचे ठरलेले प्रश्न असे: पाणी विहिरीचं की नळाचं? दुपारी वीज जाते का? जेवणाची पानं किती आधी सांगावी लागतात? घरात वयस्कर माणूस आहे का, आणि त्यांची झोपायची वेळ काय? हा शेवटचा प्रश्न नवख्यांना विचित्र वाटतो. कोकणातल्या घरगुती मुक्कामात तो फार कामाचा आहे. रात्री नऊला ज्या घरात सामसूम होते तिथे अकरापर्यंत पडवीत गप्पा ठोकणारे पाहुणे दुसऱ्या खेपेला नकोसे होतात. पानांचंही तसंच. हॉटेलासारखं केव्हाही जाऊन मागितलं आणि मिळालं, असं तिथे नसतं. सकाळीच सांगितलं तर दुपारी कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी असं व्यवस्थित जेवण मिळतं. आयत्या वेळी सांगितलं तर घरातली बाई स्वतःच्या पानातलं वाढते आणि तसं बोलूनही दाखवत नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर दापोलीकडच्या किनाऱ्यावर राहून आलेल्या एका निवृत्त परिचारिका ताईंचं सांगणं मला सगळ्यात नमुनेदार वाटलं. त्या आंजर्ल्याला एका घरी राहिल्या होत्या. कड्यावरच्या गणपतीला त्या गेल्या, पण देवळाबद्दल एका वाक्यात बोलल्या. ते पुस्तकात सापडतं. त्या वेळ देऊन बोलल्या समुद्राबद्दल. किनाऱ्याने चालत जायचं तर केव्हा निघायचं, हे त्यांना घरच्या आजोबांनी शिकवलं. तिथीचा आकडा घ्यायचा, शुद्ध असो की वद्य. त्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळचीही आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला पहाटे उठून हौसेने किनाऱ्यावर गेलात तर पाणी पार वर आलेलं, चालायला पुळण शिल्लक नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र भरती दुपारी बाराच्या सुमारास, त्यामुळे सकाळी सहा-सातला समुद्र लांब गेलेला आणि ओली, घट्ट वाळू पायाखाली. शिवाय उधाणाच्या त्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं.

ताईंनी हे सांगितलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये पंचांग उघडून पुढच्या पौर्णिमेला कोणता वार येतो ते पाहिलं. सांगणं साधलं की नाही हे ओळखायची माझी खूण हीच आहे. ऐकणारा तारखा काढायला लागला पाहिजे. "छान आहे हो, एकदा जायला हवं" असं म्हणून तो गप्प झाला तर सांगण्यात काहीतरी कमी राहिलं.

त्याच ताईंनी हर्णैचा मासळीचा लिलावही सांगितला, तोही वेळेच्या अंगाने. दुपार कलल्यावर होड्या किनाऱ्याकडे यायला लागतात. वर्षानुवर्षं इथे बैलगाड्या पाण्यात उतरून होड्यांमधला माल काठावर आणत आल्या आहेत. वाळूवर ढीग लागतात, भोवती कोंडाळं होतं आणि बोली सुरू होते. ताईंचा सल्ला एवढाच होता की पहिल्या दिवशी नुसतं उभं राहून पाहा. कोण बोली बोलतं, कोण नुसती मान हलवतं, ढीग कुणाच्या नावावर गेला हे पहिल्या दिवशी कळतच नाही. दुसऱ्या दिवशी थोडं कळतं. तिसऱ्या दिवशी एखादी मावशी आपणहून बोलते. हे तीन दिवस ज्याच्याकडे आहेत त्यालाच हर्णै दिसतं, असं माझंही मत झालं आहे.

प्रवास सांगायची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ च्या धामधुमीतला आपला उत्तरेकडचा प्रवास पुष्कळ वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढला आणि १९०७ मध्ये 'माझा प्रवास' छापून आलं. लढाईच्या वर्णनासाठी ते पुस्तक वाचतात. मला त्यातल्या मुक्कामांचं मोल अधिक वाटतं. कुठे उतरलो, कुणी शिधा दिला, कोणत्या वाटेवर जीव मुठीत धरून चाललो, हे सगळं इतक्या वर्षांनी त्यांना आठवत होतं आणि सांगण्याजोगं वाटत होतं. विचारणारा कुणी भेटला म्हणून ते कागदावर उतरलं, हेही तितकंच खरं.

आमच्याकडे वही आहे, लांबट, दुकानदार जमाखर्चाला वापरतात तशी. एका गावाला दोन पानं. उजव्या पानावर सांगितलेला मजकूर आणि डावं पान कोरं, दुरुस्त्यांसाठी. हे डावं पान सगळ्यात महत्त्वाचं, कारण किनारा बदलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं आणि रायगडच्या दक्षिणेपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याआधीच्या पानांवर जिथे जिथे "दुपारी बागेत बसावं, गार असतं" असं लिहिलं होतं, तिथे डावीकडे तारीख घालून "आता सावली नाही" असं लिहावं लागलं. पोफळ लावल्यापासून फळायला पाच-सात वर्षं लागतात. त्यामुळे अलीकडे परतलेल्यांना आम्ही मुद्दाम विचारतो, नवी झाडं केवढी झाली? काही ठिकाणी माणसाच्या उंचीच्या वर गेली आहेत, असं कुणी सांगितलं की ते तारखेसकट वहीत जातं. २०२१-२२ च्या संपानंतर एसटीच्या वेळांचंही तेच झालं. अनेक पानांवरच्या वेळा खोडून पुन्हा विचाराव्या लागल्या.

एसटीबद्दल थोडं सांगायलाच हवं. वस्तीची गाडी म्हणजे सावकाश प्रवाशाचा खरा आधार. ती रात्री गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे ती तालुक्याला निघते. तिच्या वेळेवर सगळं गाव चालतं. दूध, टपाल, कॉलेजची मुलं, दवाखान्याची माणसं सगळी तिच्यात. त्या गाडीने एकदा प्रवास केला की गावाची निम्मी ओळख होते. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचं तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. आमच्या गटातल्या बायकांचे बेत तेव्हापासून लांबले, आणि लांबले म्हणजे दिवस वाढले. भाड्याचे वाचलेले पैसे त्या मुक्कामाला घालतात. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास १९८८ पासूनच्या योजनेतला. तो घेऊन रोज नवं गाव गाठायचा मोह होतो. आमचा आग्रह असा की सात दिवसांचा पास घ्या आणि दोनच गावं करा.

फेरीबोटींनी हे आणखी सोपं केलं आहे. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलं की बाणकोट-वेळास हाकेच्या अंतरावर. दक्षिणेला दाभोळहून धोपाव्याला गेलं की गुहागर जवळ. खाडीला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो.

एका गोष्टीवर आमच्यात वाद होतो आणि तो मिटलेला नाही. सगळं सगळ्यांना सांगावं का? एका छोट्या पुळणीचं नाव पसरलं आणि दोन हंगामांत तिथे वाळूवर गाड्या फिरायला लागल्या, बाटल्या पडायला लागल्या. आयटीत काम करणारं एक तरुण जोडपं आहे गटात. त्यांचं म्हणणं, कुणालाही मज्जाव करायचा आपल्याला हक्क नाही, गावाला उत्पन्न हवंच आहे. काकूंचं म्हणणं, उत्पन्न राहणाऱ्यांकडून होतं, गाडी आणून तासाभरात निघून जाणाऱ्यांकडून नाही. मी काकूंच्या बाजूचा आहे. तूर्त ठरलंय ते असं: ज्यांच्या घरी उतरलो त्यांना आधी विचारायचं, तुमचा नंबर आणि जागा पुढे सांगू का, आणि किती जणांना? एका घरच्यांनी सांगितलं, "चार माणसांपेक्षा जास्त एका वेळी पाठवू नका, विहीर उन्हाळ्यात तळाला जाते." हे वाक्य त्यांच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं आहे.

येत्या चैत्रात एक दांपत्य केळशीला जाणार आहे, महालक्ष्मीच्या उत्सवाच्या दिवसांत. उत्सव असल्यामुळे घरं भरलेली असणार, म्हणून पानं आणि खोली आत्ताच सांगून झाली आहे. मागच्या बैठकीत त्यांना विचारून यायच्या गोष्टींचा कागद दिला. पहाटेची दापोलीची गाडी अजून आहे का आणि किती वाजता सुटते, उत्सवात बाहेरच्यांनी कुठे बसायचं, याकूबबाबांच्या दर्ग्याकडे जाताना उन्हाची वेळ कोणती टाळावी, विहिरीला मे महिन्यात पाणी किती राहतं. त्या दांपत्यातल्या काकांनी कागदाच्या खाली स्वतःच्या हाताने चैत्र पौर्णिमेची भरती काढून लिहिली, आणि आजोबांचं गणित त्या किनाऱ्यावर किती मिनिटांनी चुकतं ते घड्याळ लावून पाहायचं काम अंगावर घेतलं.