गिनीपिगच्या पिंजऱ्यातील दुर्गंधी : कारणे व निवारण

घरात गिनीपिग पाळणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. पिंजरा धुऊन दोन दिवस लोटत नाहीत तोच खोलीत उग्र दर्प भरू लागतो. त्यावर उपाय म्हणून कोणी उदबत्ती लावतात, तर कोणी सुवासिक द्रव शिंपडतात. परंतु या दर्पाचे मूळ ध्यानात घेतले, तर हे उपाय केवळ निरुपयोगीच नव्हेत, तर अपायकारकही आहेत असे दिसून येईल.

ताज्या मूत्राला फारशी दुर्गंधी नसते. त्यात युरिया नावाचे द्रव्य विरघळलेले असते. अंथरुणात व विष्ठेत वाढणारे काही जीवाणू युरिएज नावाच्या विकराच्या साहाय्याने या युरियाचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू निर्माण होतो. या क्रियेला ओलावा, ऊब व अवधी या तीन गोष्टी लागतात. पैकी ऊब आपल्या हाती नाही. ओलावा व अवधी मात्र आहेत. पावसाळ्यात कोकणपट्टीत ही दुर्गंधी अधिक जाणवते, कारण दमट हवेत अंथरूण वाळत नाही.

गिनीपिगच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. माणसाचे मूत्र सामान्यतः किंचित आम्लधर्मी असते. या तृणभक्षक प्राण्याचे मूत्र मात्र अल्कधर्मी असून त्याचा सामू बहुधा ८ ते ९ असतो. आम्लधर्मी द्रवात अमोनिया विरघळलेल्या स्थितीत राहतो, तर अल्कधर्मी द्रवातून तो सहज हवेत मिसळतो. या मूत्रात कॅल्शियम कार्बोनेटचे कणही पुष्कळ असतात. पिंजऱ्याच्या तळाशी जमणारा पांढरा, खरखरीत थर तो हाच. साबणाने तो निघत नाही व त्याच्या भेगांत दर्प मुरून राहतो.

येथे खरा प्रश्न आपल्या नाकाचा नसून त्या प्राण्याच्या श्वासाचा आहे. कारखान्यांतील कामगारांसाठी हवेतील अमोनियाची मर्यादा दर दशलक्ष भागांत २५ भाग अशी सुचविली जाते, आणि तीही आठ तासांच्या कामापुरती. गिनीपिग तर अहोरात्र अंथरुणापासून काही सेंटिमीटरांवरच श्वास घेत असतो. अमोनियामुळे श्वसनमार्गातील सूक्ष्म रोमांना इजा होते आणि बॉर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिकासारख्या जीवाणूंना वाट मिळते. त्यातून उद्भवणारा फुप्फुसदाह या प्राण्यात अनेकदा प्राणघातक ठरतो. शिवाय सतत ओल्या जागी राहिल्याने तळपायांना व्रण पडतात. उदबत्तीचा धूर श्वसनमार्गाच्या त्रासात भर घालतो आणि सुगंध धोक्याची सूचनाच लपवितो.

यावरून निवारणाचा क्रम आपोआप ठरतो. अंथरूण ओलावा शोषून घेणारे व धूळविरहित असावे. कागदाच्या लगद्याचे तुकडे, वरचेवर धुता येणारे जाड कापड किंवा साध्या लाकडाच्या स्वच्छ, वाळलेल्या सालपटी चालतात. करवतीचा बारीक भुसा नाकात जातो, म्हणून तो टाळावा. देवदाराच्या जातीची सुगंधी लाकडे तर वर्ज्यच समजावीत. अशा लाकडांच्या अंथरुणामुळे उंदीरवर्गीय प्राण्यांच्या यकृतातील विकरांवर परिणाम होतो, हे १९६७ साली प्रयोगाने दिसून आले आहे. तारेच्या जाळीच्या तळामुळे मूत्र खाली जाते खरे, पण पाय दुखावतात. यास्तव तळ सपाट व भरीव असावा.

गिनीपिग बहुधा ठरावीक कोपऱ्यांत, तसेच गवत खाण्याच्या व झोपण्याच्या जागी मूत्रविसर्जन करतो. हे ओले भाग दररोज काढून तेथे कोरडे अंथरूण घालावे आणि उरलेला ओला भाजीपालाही उचलावा. संपूर्ण अंथरूण आठवड्यातून एकदा बदलावे. पिंजरा लहान असल्यास अधिक वेळा. दोन प्राण्यांसाठी किमान साडेसात चौरस फूट जागा असावी असे सुचविले जाते. जागा अपुरी असल्यास कितीही स्वच्छता केली तरी ओलावा साचतोच. काचेच्या बंद पेटीत वायू कोंडतो. वरून व बाजूंनी मोकळा पिंजरा बरा. तो हवेशीर जागी असावा, परंतु थेट वाऱ्याच्या झोतात किंवा उन्हात नसावा.

पांढरा थर काढण्यासाठी पाणी मिसळलेले पांढरे व्हिनेगर काही मिनिटे ठेवावे. त्यातील आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. नंतर तळ स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. या कामी ब्लीचिंगचे द्रावण वापरू नये. त्याचा अमोनियाशी संयोग झाल्यास क्लोरामाइन आणि व्हिनेगरशी झाल्यास क्लोरीन असे विषारी वायू निर्माण होतात. धुण्याच्या वेळी प्राणी दुसऱ्या खोलीत ठेवावा.

सवयीने आपले नाक बोथट होते. म्हणून बाहेरून घरी आल्याबरोबर पिंजऱ्यापाशी खाली बसून, नाक त्या प्राण्याच्या पातळीवर नेऊन वास घ्यावा. दर्प जाणवला, तर सफाईला उशीर झाला असे समजावे. शिंका, डोळ्यांतून स्राव, मंदावलेली भूक किंवा कष्टाने चाललेला श्वास आढळल्यास मात्र केवळ सफाईवर विसंबू नये. त्याच दिवशी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. हा प्राणी आपले आजारपण शक्य तितके लपवितो, हे पाळणाऱ्याने कधीही विसरू नये.