कोशातला धागा, रक्तातली गुंडाळी

मोहर्ली म्हटले की पर्यटकांना ताडोब्याचा वाघ आठवतो. मला इथला ऐन पाहिला की आरमोरीकडचा कोसा आठवतो. ऐनाच्या पाल्यावर पोसलेला किडा इवल्याशा कोशात शेकडो मीटर धागा गुंडाळतो. तो ओढून निघत नाही. सोड्याच्या पाण्यात उकळून चिकटा सैल करावा लागतो.

आपल्या पेशीतही असाच कारभार आहे. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल; त्याचे घर मात्र मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढे! आठ हिस्टोन प्रथिनांच्या रिळाला तो दोनाहून थोडे कमी वेढे घेतो, अशी लाखो रिळे. १९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग यांनी ही रचना मांडली. पण ही नुसती आवराआवर नव्हे. गुंडाळी घट्ट तिथले जनुक मुके, सैल तिथले बोलके.

याचा चंद्रपूर-गडचिरोलीशी संबंध काय? सिकलसेल! मध्य भारतातल्या या आजारावर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. मोहर्लीत एका आईचे गाऱ्हाणे मी ऐकले: पहिले काही महिने लेकरू गुटगुटीत होते, मग हातपाय सुजले, कळा सुरू झाल्या. घरच्यांनी नजरेला दोष दिला, शेवटी तिलाच.

खरे कारण त्या गुंडाळीत आहे. गर्भात हिमोग्लोबिनचे वेगळे, निर्दोष जनुक काम करते. जन्मानंतर त्याची गुंडाळी आवळली जाते आणि सदोष जनुकाचा अंमल सुरू होतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. चांगले जनुक हरवत नाही, फक्त बंद होते. हे बंद करणाऱ्या प्रथिनाला आवर घालणारा जनुक-उपचार २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेने मंजूर केला. अमेरिकेतली किंमत वीस लाख डॉलरहून अधिक. मोहर्लीला तो परवडणार कसा?

पण हायड्रॉक्सियुरिया ही साधी गोळी गर्भातले हिमोग्लोबिन बऱ्याच रुग्णांत वाढवते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित मिळावी आणि लग्नाआधी दोघांचेही रक्त तपासावे, एवढे तर आपल्या हाती आहे. कारण हा आजार होतो तेव्हा सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेले असते. एकट्या आईला बोल लावण्याचे कारणच नाही.