जुन्या रिव्हॉल्व्हरचे जतन व पुनर्संस्करण

गंजलेल्या, झिजलेल्या किंवा मूळ लेप उडालेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरची पुढील हानी थांबवण्याच्या क्रियेस जतन म्हणतात. त्याच्या पृष्ठभागाला नव्याने झिलई व लेप देण्याच्या क्रियेस पुनर्संस्करण म्हणतात. जतनात वस्तू आहे त्या अवस्थेत टिकवली जाते. पुनर्संस्करणाने ती नवी दिसू लागते. परंतु धातूचा वरचा थर आणि त्यावरील खुणा यांचा काही भाग कायमचा नष्ट होतो. त्यामुळे ऐतिहासिक महत्त्वाच्या शस्त्रांच्या बाबतीत जतनाला प्राधान्य दिले जाते.

पार्श्वभूमी

सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारले व ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानातही आले. शस्त्रे उजळण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात त्यापूर्वीपासून होता. तलवारी व कट्यारी यांना धार आणि झिलई देणाऱ्या कारागिरास शिकलगार म्हणत. शिकलगाराचे काम वापरातले शस्त्र कामास योग्य ठेवण्याचे होते. ऐतिहासिक वस्तूच्या जतनाचा हेतू त्याहून वेगळा असतो.

पृष्ठलेपांचे प्रकार

जुन्या रिव्हॉल्व्हरवर प्रामुख्याने दोन प्रकारचे लेप आढळतात.

ब्लूइंग : यात पोलादाच्या पृष्ठभागावर मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार केला जातो. जुन्या पद्धतीत धातूवर मुद्दाम तांबडा गंज चढवून तो उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतरित करत. तांबडा गंज सच्छिद्र असल्याने हवा व ओलावा आत शिरून धातू पोखरला जातो. काळा थर मात्र धातूला घट्ट चिकटून राहतो व तेल धरून ठेवतो.

निकेल मुलामा : हा चंदेरी व चकचकीत असतो. तो एखाद्या ठिकाणी सोलला गेल्यास त्याखाली गंज पसरतो.

पुराव्याचे महत्त्व

शस्त्राच्या पृष्ठभागावर निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक, चाचणीचे शिक्के आणि काही वेळा विक्रेत्याचे नाव कोरलेले असते. या खुणांवरून शस्त्राचा इतिहास उलगडतो. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले बंगालच्या क्रांतिकारकांनी २६ ऑगस्ट १९१४ रोजी पळवली. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता व त्याची नोंद कंपनीकडे होती. त्यामुळे पुढे हाती लागलेली पिस्तुले याच साठ्यातील असल्याचे ओळखता आले.

हेच तत्त्व मोठ्या शस्त्रांनाही लागू पडते. विजापूर येथील मलिक-ए-मैदान अर्थात मुलूखमैदान तोफ अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतली गेली. ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेन रूमी याचे नाव तोफेवरील लेखात आहे. पुढे औरंगजेबाने विजापूर जिंकल्याचा लेखही तिच्यावर कोरण्यात आला. असा पृष्ठभाग उजळण्यासाठी घासला गेला असता, तर निर्मिती आणि सत्तांतर या दोन्हींचा प्रत्यक्ष पुरावा पुसट झाला असता.

जतनाची पद्धत

शस्त्र रिकामे असल्याची खात्री जाणकार व अधिकृत व्यक्तीने केल्यानंतरच काम सुरू होते. प्रथम सर्व बाजूंची छायाचित्रे घेऊन खुणांची नोंद केली जाते. सैल गंज तेल व मऊ साधनांच्या साहाय्याने हळूहळू काढला जातो. पॉलिश कागद किंवा फिरते चाक वापरल्यास कडा गोल होतात व अक्षरे झिजतात, म्हणून ते टाळतात. सर्व काळसर डाग काढणे हे उद्दिष्ट नसते. स्थिर झालेला काळा थर तसाच राहू दिला जातो. शेवटी तेलाचा किंवा मेणाचा पातळ थर दिला जातो. लाकडी मूठ धातूपासून वेगळी तपासली जाते. शस्त्र हाताळताना हातमोजे वापरतात, कारण घामातील क्षारांमुळे गंज चढतो. चामड्याच्या म्यानात शस्त्र दीर्घकाळ ठेवणेही अयोग्य ठरते. कमावलेल्या चामड्यातील आम्ले व ओलावा धातूला बाधतात.

कायदेशीर तरतुदी

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक आहे. कलम ५ नुसार अग्निशस्त्र दुरुस्तीचा व्यवसायही परवान्याशिवाय करता येत नाही. शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे अथवा बदलणे यास कलम ८ ने मनाई केली आहे. त्यामुळे अविचाराने केलेली झिलई कायदेशीर अडचणीसही कारण ठरू शकते.

कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुराणवस्तू-मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सवलत आहे. परंतु असे शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट आहे. म्हणजेच केवळ जुने असणे किंवा सध्या न चालणे एवढ्याने परवान्यातून सूट मिळत नाही.

राहाता तालुक्यासह अहिल्यानगर जिल्ह्यातील सामान्य परवान्यांचे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे असतात. परवानाधारकाच्या निधनानंतर घरात शस्त्र आढळल्यास वारसांनी ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि वारशाने आलेली शस्त्रेही या मर्यादेत येतात. शंभर वर्षांहून जुन्या शस्त्रास पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लागू होऊ शकतो. या अधिनियमानुसार खाजगी व्यक्तीस पुरावशेष परदेशी पाठवता येत नाहीत.