कोऱ्या षट्कोनांचा प्रदेश

१९८१ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा एक्स्पर्ट संच निघाला. त्याच्या पेटीत ‘द आयल ऑफ ड्रेड’ नावाची पुस्तिका होती आणि तिच्यात एकाच बेटाचे दोन नकाशे. खेळ चालवणाऱ्याच्या नकाशात डोंगर, दलदली, जंगले, जमातींच्या वस्त्या असे सगळे भरलेले. खेळाडूंच्या नकाशात किनाऱ्याची रेघ आणि तिच्या कडेच्या मोजक्या खुणा. आतला सारा भाग कोरा. तिथे चालत जायचे आणि जे दिसेल ते आपल्या हाताने भरायचे. कल्पित भूमींचे असंख्य देखणे नकाशे आज उपलब्ध आहेत, पण या कलेचा गाभा मला त्या अर्ध्या नकाशात दिसतो.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात. त्यांतला एक डन्जन मास्टर, म्हणजे सूत्रधार. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. सूत्रधार समोर काय आहे ते सांगतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. गोष्ट कुणी आधी लिहून ठेवलेली नसते.

कादंबरीतला नकाशा आणि खेळातला नकाशा यांचे रस्ते इथेच वेगळे होतात. टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला (१९५४-५५) नकाशा त्याचा मुलगा ख्रिस्तोफर याने काढला. टोल्कीन स्वतः नकाशा समोर ठेवूनच लिहीत असे. कोण किती दिवसांत किती अंतर चालेल याचा हिशेब तो काटेकोर ठेवी. तरीही कथानायक फ्रोडो पूर्वेला निघाला की वाचकालाही पूर्वेलाच जावे लागते. खेळात मात्र पहिल्याच बैठकीत कुणीतरी कोपऱ्यातल्या खाडीवर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘हिच्या पलीकडे काय आहे?’ त्या प्रश्नाला उत्तर देण्याची ताकद नकाशात हवी. तो दुसऱ्याच्या निवडीसाठी काढलेला असतो.

या नकाशांचे मूळ युद्धखेळांत आहे. ॲव्हलॉन हिल या अमेरिकी कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या पटांवर षट्कोनी जाळी आणली. चौकोनी जाळीत तिरके गेले की अंतर जवळपास दीडपट होते. षट्कोनाचे सहाही शेजारी मात्र सारख्याच अंतरावर असतात. पुढे मिनेसोटात डेव्ह आर्नसनने ‘ब्लॅकमूर’ नावाची भूमी रचून तिथल्या किल्ल्याखालच्या भुयारांत मित्रांना उतरवले आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले. त्या पहिल्या नियमपुस्तिकांत रानावनातल्या प्रवासासाठी चक्क दुसऱ्याच एका खेळाचा पट वापरायला सांगितले होते. तो खेळ म्हणजे ॲव्हलॉन हिलचा ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ (१९७२), रानात वाट चुकलेल्या माणसाने जीव कसा वाचवायचा याचा. त्यातली पाणवठ्यांची चिन्हे इथे किल्ले झाली आणि इमारती गावे. एका कल्पित जगाचा पहिला छापील भूगोल असा उसन्या पुठ्ठ्यावर उभा राहिला, हे मला फार सुंदर वाटते.

जमिनीखालचा नकाशा ग्राफ पेपरवर काढला जाई. एक चौकोन म्हणजे दहा फूट. तो सूत्रधाराच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे असे. खेळाडूंपैकी एकाकडे मात्र नकाशा काढण्याचे खास काम असे. सूत्रधार सांगे, ‘वाट तीस फूट पूर्वेला जाते, मग उत्तरेला वळते, उजव्या भिंतीत दार आहे,’ आणि हा पेन्सिलीने ते उतरवी. ऐकलेल्या शब्दांतून रेघ निघायची. दोन नकाशे कधीच तंतोतंत जुळत नसत आणि त्या फरकातच पुष्कळसा खेळ होता. समजा, तीन खोल्या काढून झाल्या आणि त्यांच्या मधोमध वीस फुटांची जागा कोरी राहिली. कुठलीच वाट तिकडे जात नाही. मग पेन्सिल धरणारा म्हणतो, ‘इथे काहीतरी आहे,’ आणि सगळे भिंती ठोकून पाहू लागतात. गुप्त खोली कागदावरच्या पोकळीने उघड केलेली असते. सूत्रधाराने काहीही सुचवलेले नसते. असा शोध लागतो तेव्हा टेबलावर जो आनंद उसळतो, तो राक्षस मारल्याच्या आनंदापेक्षा मोठा असतो, कारण तो निव्वळ विचाराने मिळवलेला असतो.

ही भुयारे रचण्यात जेनेल जॅक्वेज हिचा हात धरणारे फार थोडे. ‘द कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ (१९७९) या तिच्या रचनेत आत शिरायला एकाहून अधिक वाटा आहेत, मजले जोडणारे जिने अनेक आहेत आणि बोगदे फिरून एकमेकांना मिळतात. सरळ रांगेत खोल्या मांडल्या की खेळाडूला पुढे जाणे किंवा मागे फिरणे एवढेच उरते. वाटांची वर्तुळे झाली की शत्रूला वळसा घालता येतो, पाठलाग चुकवता येतो, कुठून उतरायचे यावर वाद घालता येतो. खेळाडूंच्या स्वातंत्र्याची व्यवस्था नियमांच्या आधी रेघांत करावी लागते, हे तिच्या नकाशांतून शिकण्यासारखे आहे.

ती रचना जजेस गिल्डने छापली होती. इलिनॉयमधल्या डिकेटर गावी १९७६ साली बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी ही संस्था काढली. सूत्रधाराला भरलेला आणि खेळाडूंना अर्धवट कोरा नकाशा देण्याची पद्धत तिने आपल्या ‘वाइल्डरलँड्स’ मालिकेत ‘आयल ऑफ ड्रेड’च्या आधीच वापरली होती. १९८०चा ‘वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक’चा नकाशा वेगळ्या जातीचा. डार्लीन या चित्रकर्तीने दोन मोठ्या पोस्टरांवर हाताने काढलेला, सुलेखनाने नटलेला, एक षट्कोन तीस मैलांचा. भिंतीवर लावावा असा. पण एका षट्कोनात आपला एखादा तालुका सहज मावेल, तेव्हा रोजच्या खेळाला तो फार दूरचा.

म्हणून अनेक अनुभवी सूत्रधार सहा मैलांच्या षट्कोनावर येऊन थांबतात. ‘आयल ऑफ ड्रेड’चा षट्कोनही तेवढाच. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज सुमारे तीन मैलांवर दिसते. म्हणजे षट्कोनाच्या मध्यावर उभे राहिले की नजर कडेपर्यंत पोचते. दिवसाची मजल चोवीस मैल धरली तर चार षट्कोन होतात. एकाच मापात डोळा आणि पाय दोन्ही बसतात.

आता भूगोलाच्या शिस्तीबद्दल. नवख्याच्या नकाशात नदी हमखास दुभंगून दोन समुद्रांना मिळते. नद्या खाली वाहताना एकमेकींना मिळतात. फुटतात त्या बहुधा मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. डोंगररांगेच्या वाऱ्याकडच्या अंगाला पाऊस, पलीकडे कोरड. हे शिकायला मराठी माणसाला पुस्तकाची गरज नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्याही खाली येतो. त्याच माथ्यावरून सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते आणि कृष्णा अख्खे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. बाजारपेठ कुठे वसते याचे उत्तर नाणेघाटात आहे: कोकणातली बंदरे आणि जुन्नर यांना जोडणारी खिंड, तिथे सातवाहनांचे लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. खिंड आधी आखा, गाव आपोआप सापडते. या काटेकोरपणाचे टोक एन. रॉबिन क्रॉस्बीच्या ‘हार्न’मध्ये (१९८३) दिसते. ते बेट इतक्या बारकाईने रचलेले आहे की एखाद्या खऱ्या मध्ययुगीन मुलखाची पाहणी वाचतो आहोत असे वाटावे. मला ते आवडते, पण खेळायला बसताना त्यातले पुष्कळसे बाजूला ठेवावे लागते.

संगणकावर ‘कॅम्पेन कार्टोग्राफर’ १९९३ साली आले. आज ‘इंकार्नेट’, ‘वंडरड्राफ्ट’ यांवर तासाभरात देखणा खंड तयार होतो आणि ‘अझगार’चे नकाशायंत्र तर राज्ये, धर्म, व्यापारी वाटा यांसह अख्खे जग क्षणात काढून देते. २०१२ साली आलेल्या ‘रोल ट्वेंटी’सारख्या आभासी टेबलांवर पात्राच्या हातातल्या मशालीइतकाच भाग पडद्यावर उजळतो. पुण्यातला खेळाडू न्यू जर्सीतल्या भावाबरोबर खेळू शकतो, हे या साधनांचे मोठे देणे. पण पेन्सिल धरणारा खेळाडू त्यांत नाहीसा झाला. चूक करायची सोय संपली आणि चुकीतून अंदाज बांधायचीही. शिवाय प्रत्येक झाड, प्रत्येक फरशी रंगवलेली असली की खेळाडू चित्रात दिसेल तेवढेच विचारतो.

याला मला पटणारे उत्तर बेन रॉबिन्सच्या ‘वेस्ट मार्चेस’ने दिले. या शतकाच्या पहिल्या दशकातला हा खेळ. खेळाडू बरेच, कोण कधी खेळणार आणि कुठल्या दिशेला जाणार हे त्यांनीच ठरवायचे, आणि नकाशा सगळ्यांचा मिळून एक. एका गटाने काढलेल्या वाटेवर दुसरा गट विसंबायचा. तो नकाशा चुकीचा निघाला तर रात्र रानात. सूत्रधाराने तो दुरुस्त करायचा नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने खंड काढत बसू नये. एक गाव घ्यावे, त्याभोवती एका दिवसाच्या वाटेवरचे षट्कोन घ्यावेत, त्यांतल्या तीन-चारांतच काही ठेवावे: पडका बुरूज, उतार असलेली नदी, धूर निघणारी टेकडी. गावकऱ्यांच्या तोंडी प्रत्येकाबद्दल एकेक वावडी द्यावी, आणि त्यांतली एखादी खोटी असावी. खेळाडूंना कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी. पुढच्या बैठकीला ते कुठे जाणार हे आधल्या बैठकीच्या शेवटी विचारून घ्यावे, म्हणजे तेवढेच षट्कोन त्या आठवड्यात भरता येतात.